घोडीचा पाय रुतला तेव्हा

मुंजाजीने बसच्या आगारात जितकी वर्षे मदतनीस म्हणून काढली, तितक्या वयाची पोरे आज गावाच्या कारभारात बसली आहेत. एकतीस वर्षे. पिंगळीहून सकाळच्या रेल्वेने परभणीला जायचे, आगारातल्या खड्ड्यात उतरायचे, डोक्यावर आलेल्या बसच्या पुढच्या अ‍ॅक्सलकडे मान वर करून दिवस घालवायचा आणि दिवेलागणीला परत यायचे, हा त्याचा नेम होता. कोणता नट किती आवळला आहे, हे तो पाना हातात धरून सांगत असे. स्प्रिंगच्या पाट्याला तडा गेला असेल, तर हातोडीच्या एका ठोक्याच्या आवाजावरून त्याला ते कळत असे. परंतु कामाचा कागद त्याला वाचता येत नव्हता. ज्याला कागद वाचता येई तो मिस्त्री होई, आणि ज्याला येत नसे तो मिस्त्रीच्या हाताखाली राही. मुंजाजीने ज्यांना पाना कसा धरावा हे शिकवले, ते त्याच्या डोळ्यांदेखत मिस्त्री झाले. गावातही लोक त्याला ‘मुंजाजी हेल्पर’ असेच म्हणत. सेवेतून निवृत्त होऊन दहा वर्षे लोटली, तरी ते नाव काही त्याच्या अंगावरून उतरले नाही.

त्याच्या घराला लागूनच नागनाथचे घर आहे. दोन्ही अंगणांच्या मध्ये कमरेएवढी भिंत आहे. नागनाथ हा मुंजाजीच्या चुलत भावाचा मुलगा. वय अडतीस. बारावी शिकलेला, शेती करणारा आणि हाताचा हुशार. फवारणीचा पंप असो की विहिरीवरची मोटर, तो स्वतः उघडतो आणि स्वतः जोडतो. तो मोबाइलवर पाहून शिकतो, कागदावर लिहून घेतो आणि मग कामाला हात घालतो. हळूहळू गावातले लोकही आपले पंप घेऊन त्याच्याकडे येऊ लागले. पूर्वी ते मुंजाजीकडे येत असत. येणारा माणूस भिंतीच्या अलीकडून न वळता पलीकडून वळला, की मुंजाजी ओट्यावर बसल्या बसल्या त्याच्या पाठीकडे पाहत राही.

गेल्या वर्षी नागनाथने एक जुनी मोटार घेतली. त्याची बायको मनिषा परभणीला शिवणाचा वर्ग चालवते, तिला ने-आण करावी लागते. पावसाळ्यानंतर ती मोटार प्रत्येक खड्ड्यात पुढून कडाकडा वाजू लागली. परभणीच्या एका गॅरेजवाल्याने तपासून सांगितले की पुढच्या चाकांना धरून ठेवणारे दोन्ही आर्म बदलावे लागतील आणि डाव्या बाजूचा धक्के झेलणारा शॉकअपही गेला आहे. गाडी दहा दिवस ठेवा, असेही तो म्हणाला. नागनाथने गाडी ठेवली नाही. त्याने नवे सामान विकत घेतले, लोखंडाच्या दोन तिपाया घेतल्या आणि काम कसे करावे याची मराठीत छापलेली एक पुस्तिका आणली. जॅकने उचललेली गाडी ज्या तिपाईवर टेकवून ठेवतात, तिला कारागीर घोडी म्हणतात.

ही बातमी मुंजाजीला त्याची बायको विमला हिने भाकरी थापताना दिली.

“नागनाथ घरीच करायलाय म्हणं गाडी. पुस्तक आणलंय त्यानं.”

“पुस्तकात बघून गाडी व्हत असती तर पोस्टमन बी इमान उडवला असता.”

“तुमाला इचारलं न्हाई म्हणून बोलायलात.”

“मला कामून इचारंल? मी कोण?”

“त्येच म्हणायले मी. जेवा आता.”

मुंजाजी जेवला, परंतु अन्नाला चव लागली नाही. अ‍ॅक्सलखाली सगळा जन्म काढलेला माणूस भिंतीला भिंत लावून राहत असताना हा मुलगा कागदाला विचारतो, ही गोष्ट त्याच्या डोक्यातून जाईना. रात्री अंथरुणावर पडल्यावर त्याने ती पुस्तिका कशी असेल याची कल्पना केली. पातळ असेल. त्याच्या एकतीस वर्षांपेक्षा पुष्कळच पातळ असेल.

रविवारी सकाळी नागनाथ भिंतीपाशी आला. नवा पांढरा सदरा, कपाळाला गंध.

“काका, चला. नारळ तुमच्या हातानं फोडायचा हाय. भावकीत तुमीच वडील.”

म्हणजे काम सांगण्यापुरता मुंजाजी कोणी नव्हता आणि नारळापुरता वडील होता. नाही म्हणावे असे त्याच्या मनात आले. परंतु शुभकार्याला बोलावणे आल्यावर नाही म्हणणे त्याच्या रीतीत बसत नव्हते. तो गेला.

अंगणात मनिषाने सडा घातला होता आणि रांगोळी काढली होती. पूजेआधी गाडी स्वच्छ हवी म्हणून नागनाथने ती पहाटेच धुतली होती. बोअरचा पाइप लावून चाके, चाकांच्या कमानी आणि गाडीचे पोट त्याने भरपूर पाण्याने धुऊन काढले होते. जॅकला, पान्यांना आणि दोन्ही घोड्यांना हळदकुंकू लावलेले होते. आपल्याकडे नव्या कामाच्या अवजाराला पूजेवाचून हात लावत नाहीत, त्याप्रमाणे सगळे यथासांग होते. मुंजाजीने चाकापुढे नारळ फोडला. खोबरे वाटले गेले. नारळ फुटल्यापासून मुख्य कामाचा पहिला नट सुटेपर्यंत काम करणाऱ्याला कोणी टोकायचे नाही, अशी त्यांच्या भावकीत जुनी रीत आहे. टोकले की काम बिघडते, असे मानतात.

शेजारचा लिंबाजी खोबरे चघळत म्हणाला, “झालं. आता नागनाथ मिस्त्री जाणं अन् गाडी जाणं.”

मुंजाजीने हातातला खोबऱ्याचा तुकडा न खाता खिशात टाकला आणि तो आपल्या ओट्यावर येऊन बसला. विमलाने त्याच्या हातात चहा दिला.

तिथून त्याला सगळे दिसत होते. तो चुकांची वाट पाहत होता, हे इथे स्पष्ट लिहिले पाहिजे. हँडब्रेक ओढतो का? ओढला. मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावतो का? लावले. गाडी उचलण्याआधी चाकांचे नट ढिले करतो का? केले. जॅक पत्र्याला न लावता जाड लोखंडाखाली लावतो का? पुस्तिका उघडून, बोट ठेवून, वाचून, बरोबर तिथेच लावला. बरोबर झालेले प्रत्येक काम मुंजाजीला काट्यासारखे रुतत होते. ही गोष्ट शिकायला त्याने आगारात दोन वर्षे शिव्या खाल्ल्या होत्या आणि इथे ती बोट ठेवल्याबरोबर मिळत होती.

गाडी पुढून उचलली गेली आणि दोन्ही घोड्यांवर टेकली. जॅक निघाला, तो आता आर्मला खालून आधार देण्यासाठी लागणार होता. दोन्ही चाके निघाली. इथे मात्र मुंजाजीचे डोळे चमकले. काढलेले चाक गाडीच्या पोटाखाली आडवे सारून ठेवायचे असते. घोडी सरकलीच तर गाडी चाकावर बसते, माणसावर बसत नाही. पण मदतीच्या उत्साहात लिंबाजीने दोन्ही चाके गडगडत अंगणातल्या लिंबाच्या झाडाखाली नेली आणि त्यांतल्या एकावर तो स्वतः बसला.

एक चूक झाली. मुंजाजीने चहाचा घोट घेतला. तो गोड लागला.

मग त्याला दुसरी गोष्ट दिसली. नागनाथच्या घराच्या जोत्यावर निळ्या रंगाचा आडवा पट्टा आहे. गाडी घोड्यांवर टेकली तेव्हा तिचा पुढचा बंपर त्या पट्ट्याच्या चार बोटे वर दिसत होता. आता डावीकडे तो पट्ट्याच्या रेषेत आला होता आणि उजवीकडे होता तिथेच होता. अंगण काळ्या मातीचे. गेल्या उन्हाळ्यात नागनाथने शेतातली माती आणून भर घातली होती आणि वर मुरूम टाकायचे राहून गेले होते. पहाटे गाडी धुताना त्या मातीने पाणी पिऊन घेतले होते. दोन तासांच्या उन्हाने वरून पापुद्रा वाळून कडक झाला होता, आणि खाली माती लोण्यासारखी मऊ होती. डाव्या घोडीचा एक पाय सावकाश त्या लोण्यात चालला होता.

मुंजाजीला हे एका नजरेत समजले. पुस्तिकेला समजले नव्हते.

तो बोलला नाही. नारळ आपण फोडला, चाकांचे नट सुटले तरी आर्मचा पहिला नट अजून सुटला नाही, मग आपण टोकायचे कसे, असे त्याने स्वतःला सांगितले. परंतु हे निमित्त होते. खरी इच्छा अशी होती की नागनाथ काहीतरी आणायला घरात जावा, त्याच वेळी घोडी कलंडावी आणि गाडी सगळ्यांच्या देखत तोंडावर पडावी. माणसाला काही होऊ नये, फक्त त्या पुस्तिकेचे हसे व्हावे. एवढेच त्याला हवे होते. तो चहा पीत राहिला.

नागनाथ घरात गेला नाही. त्याने पोते अंथरले आणि उताणा होऊन तो गाडीखाली सरकला.

मुंजाजीने तोंड उघडले. तेवढ्यात मागून विमला म्हणाली, “बघा की किती नीट करायलाय. तुमी एकतीस वर्षं केलं, पर घरच्या सायकलीची चेन मी बशीवली.”

उघडलेले तोंड मिटले. कपात उरलेला चहा त्याने संपवला.

आतला बोल्ट गंजलेला होता. नागनाथने पान्याच्या दांड्यावर लांब पाइप चढवला आणि दोन्ही हातांनी ओढ दिली. गाडी डुलली. लोकांना ते दिसले नाही, मुंजाजीला दिसले. घोडीच्या पायाभोवतीचा पापुद्रा फाटला आणि त्यातून काळे ओले चिखल-पाणी वर आले. बाहेर नागनाथचे दोन पाय दिसत होते, टाचांना भेगा पडलेले, आणि जोर लावताना बोटे आखडून घेतलेले.

“नागनाथ, भाईर निघ.”

मुंजाजी अडुसष्ट वर्षांचा आहे. तो भिंतीवरून पलीकडे कसा गेला, हे त्यालाही सांगता येत नाही. गुडघा सोलला आणि धोतर फाटले.

नागनाथ कोपरांवर सरकत बाहेर आला. कपाळावरचे गंध घामाने पसरले होते.

“काय झालं काका?”

“पहिला नट सुटायच्या आत टोकलात की हो,” लिंबाजी चाकावरून न उठता म्हणाला. “नारळ बी तुमीच फोडायचा अन् टोकायचं बी तुमीच.”

“जमीन वली हाय. घोडी रुतायलीय.”

नागनाथने टाच आपटली. “वाळलीय की. ठणठण वाजायलीय बघा.”

“वरून वाळलीय.”

“काका, पुस्तकात सांगितलेलं समदं केलंय मी. घोडी तीन टनाची हाय.”

“घोडी तीन टनाची हाय. माती किती टनाची हाय ते लिवलंय का?”

लिंबाजी हसला. “काकाच्या पोटात दुखायलंय. सकाळधरनं भिंतीवरून टकामका बघायलेत.”

मनिषानेही पदर तोंडाला लावला. मुंजाजीच्या कानांच्या पाळ्या तापल्या, कारण लिंबाजी खोटे बोलत नव्हता. इतके महिने तो भिंतीवरून जसे पाहत आला होता, ते सगळ्यांनी पाहिलेले होते. आज तो खरे सांगत होता आणि त्याच्या खऱ्याला तेच आडवे आले होते. नागनाथ नम्रपणे, पण तुटकपणे म्हणाला, “बसा काका. एवढा एक बोल्ट काढतो, मग बघू.” आणि तो पुन्हा पोत्याकडे वळला.

मुंजाजीने त्याचा दंड धरला. “तू जाऊ नको. मी बाजूला उभा ऱ्हाऊन ओढतो. एकदाच. न्हाई हालली तर म्हातारा येडा म्हणून सोडून दे.”

तो चाकाच्या रिकाम्या जागेपासून दूर उभा राहिला. हात लांब करून त्याने पाइप धरला आणि नागनाथने दिली होती तेवढीच ओढ दिली. जास्त नाही. गाडी डुलली, डावी घोडी वाकडी झाली, आणि गाडीचे डावे अंग धाडकन खाली आले. ब्रेकची लोखंडी थाळी अंगणात वीतभर रुतली. पोते तिच्याखाली गेले होते.

मग लिंबाजी म्हणाला, “पाडली की काकानं गाडी.”

पिंगळीत आजही पुष्कळ लोक असेच सांगतात की मुंजाजी हेल्परने जळून नागनाथची गाडी ढकलून दिली.

नागनाथने मात्र वेगळे केले. तो आडव्या झालेल्या घोडीपाशी उकिडवा बसला आणि तिच्या पायाने पाडलेल्या भोकात त्याने बोट घातले. बोट मुळापर्यंत गेले आणि काळे होऊन बाहेर आले. मग त्याने ती थाळी पाहिली आणि तिच्याखाली दडपलेले पोते ओढून पाहिले. ते निघाले नाही. ज्या ठिकाणी त्याची छाती होती, तिथेच ते धरले गेले होते.

“काका,” तो म्हणाला, “आता तुमी सांगा.”

हे शब्द ऐकायला मुंजाजी वर्षभर झुरला होता. ते ऐकून त्याला जो आनंद होईल असे वाटले होते, तो झाला नाही.

त्याने सांगितले. जॅकखाली बाभळीची जाड फळी आणि तिच्याखाली फरशी घालून गाडी उचलली, चाके परत चढवली आणि चौघांनी ढकलत ती मुंजाजीच्या अंगणात आणली. तिथे निवृत्तीच्या वेळी केलेला सिमेंटचा पक्का कोबा आहे. तिथे घोड्या लावल्या, काढलेली चाके पोटाखाली आडवी सारली, आणि कोणी आत जाण्याआधी गाडीला खांद्याने हलवून पाहिले. शॉकअपवरची स्प्रिंग दाबलेली असते आणि सुटली तर माणसाचा जबडा मोडते. म्हणून शॉकअप अख्खाच उतरवून परभणीला पाठवायचा आणि तिथल्या यंत्रावरच स्प्रिंग बदलून आणायची, घरी तिला हात लावायचा नाही, असे मुंजाजीने बजावले. नागनाथने पुस्तिका उघडून पाहिली. पुस्तिकाही तेच सांगत होती.

काम दोन दिवस चालले. पुस्तिका नागनाथ वाचे, हात बहुधा मुंजाजीचा चाले. लोक पाहायला येत आणि कोब्याच्या कडेला उभे राहून नागनाथला म्हणत, “भारी करायलास गड्या.” मुंजाजी खाली वाकून ते ऐकत असे. एके ठिकाणी तर पुस्तिकेने त्याला गाठलेच. आर्मचे बोल्ट तो नेहमीप्रमाणे पक्के आवळायला लागला, तेव्हा नागनाथ म्हणाला, “थांबा काका. आर्ममधलं रबर पिळून ऱ्हाईल म्हणं. गाडी चाकावर उभी केल्यावरच शेवटचं आवळायचं.” बसच्या पाट्यांना मुंजाजीने असे कधी केले नव्हते. त्याने बोल्टचे गणित मनात करून पाहिले, ते बरोबर निघाले, आणि पुन्हा तोच काटा रुतला. एवढी साधी गोष्ट, आणि ती आपल्याला या पोराने वाचून सांगावी.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघेच होते. मुंजाजी हातातला नट चिंधीने पुसत होता. तो नट केव्हाच स्वच्छ झालेला होता.

“मला आधीच दिसलं व्हतं,” तो म्हणाला.

“काय?”

“घोडीचा पाय रुतायलेला. तू आत जायच्या आधी. चहा संपेस्तोवर बसून व्हतो मी.”

नागनाथचा हात थांबला. “कामून?”

रीतीचे उत्तर मुंजाजीजवळ तयार होते. नारळ, पहिला नट, टोकणे. कोणीही ते मान्य केले असते. त्याने ते दिले नाही.

“तुझं नीट व्हायलं व्हतं म्हणून.”

नागनाथने पाना खाली ठेवला. हात पुसले, पुस्तिका मिटून काखेत घेतली आणि तो भिंतीच्या कडेने आपल्या घरी निघून गेला. मुंजाजी गाडीपाशी बसून राहिला. विमलाने विचारले, “कुठं गेला त्यो?” मुंजाजीने तोच नट पुन्हा पुसायला घेतला. नागनाथ आता येणार नाही, आणि न येण्यात त्याचे काही चुकणार नाही, असे त्याला वाटले. उन्ह कोब्यावरून सरकून गाडीच्या दारापर्यंत गेले.

मग नागनाथ आला. त्याने मुंजाजीकडे पाहिले नाही. गाडीकडे पाहत तो म्हणाला, “काका, खाली जायचंय. बघा.”

मुंजाजी उठला. उजवी घोडी हाताने दाबून पाहिली, डावी पाहिली, पोटाखालची चाके पाहिली, मागच्या चाकांचे दगड पायाने ठोकून पाहिले आणि खांदा लावून गाडी हलवली.

“जा.”

नागनाथ जागचा हलला नाही. “परत एकदा बघा.”

मुंजाजीने पुन्हा पहिल्यापासून सगळे पाहिले. “जा,” तो म्हणाला. नागनाथ पोत्यावर उताणा झाला आणि आत सरकला.

गाडी आता पुढून वाजत नाही. परभणीला नेऊन चाकांची दिशाही सरळ करून आणली. मनिषा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगते की आमच्या यांनी घरी केली, आणि ते ऐकताना मुंजाजीच्या पोटात अजूनही कळ येते. ती गेली असे लिहिणे खोटे होईल. मागच्या महिन्यात गावातल्या आणखी एकाची गाडी नागनाथकडे आली, तेव्हाही त्याने ती आधी भिंतीपलीकडच्या कोब्यावर आणली, घोड्यांवर चढवली आणि हात बाजूला घेऊन तो उभा राहिला. मुंजाजीने सगळे पाहून ‘जा’ म्हटले. नागनाथ गाडीखालून पुरता बाहेर येईपर्यंत मुंजाजी तिथून हलला नाही.